ग्लेनच्या चोरट्या रेडिओवर आमची आई

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मधे कोणी हसलं की मला पुढचं सांगायचा धीर होत नाही. गेल्या वर्षी मी माझ्या आईला मेलबर्नच्या एका बेकायदा रेडिओवर लाइव्ह सोडलं. तेही स्वतः समोर बसून.

आम्ही क्रेगीबर्नला राहतो. मी रेल्वेच्या सिग्नलचं काम करतो. म्हणजे लाल दिवा कधी लागतो आणि का लागतो, हे बघायचाच मला पगार मिळतो. एवढं लक्षात ठेवा, थोड्या वेळात माझी लाज निघणार आहे.

आमच्या शेजारी ग्लेन राहतो. साठी उलटलेला रिटायर्ड प्लंबर, दोन्ही हात खांद्यापर्यंत गोंदलेले. तरुणपणी हा आणि याचे दोन मित्र एका बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्याच्या माळ्यावरून रेडिओ चालवायचे. लायसन्स नाही, नाव नाही, जाहिरात नाही. नुसता ठेका आणि खालून घुमणारा बेस, अशी जी नाचाची गाणी त्या वेळी एकही स्टेशन लावायला तयार नव्हतं, ती हे लावायचे. आणि मधेच हळू आवाजात सांगायचे, की शनिवारी अमुक गोदामात या. कुठून कुठून पोरं यायची. सरकारी माणसं माग काढत येतायत असं कळलं की ग्लेन ट्रान्समीटर बाबागाडीत घालायचा, वर दुपटं पांघरायचा आणि शीळ घालत रस्त्यानं निघून जायचा. एकदा एका इन्स्पेक्टरनं म्हणे दुपट्याकडे बघून कौतुकानं मानही हलवली होती.

आता तीच गाणी सुपरमार्केटात बटाटे निवडताना ऐकू येतात. पण ग्लेनचं वेड गेलेलं नाही. दर शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, तो परसातल्या शेडमधून तीन तास प्रसारण करतो. एरियल कुठे, तर कपडे वाळत घालायच्या गोल दांडीच्या टोकाला. चार-पाच गल्ल्यांपलीकडे काही ऐकू जात नाही, म्हणून त्याचे जुने मित्र गाड्या घेऊन येतात, आमच्या गल्लीत लावतात आणि आत बसून ऐकतात. माझी बायको केतकी, तिला पहिले दोन-तीन शनिवार वाटलं होतं की ग्लेनकडे कोणीतरी वारलंय. ती डाळभाताचा डबा घेऊन भेटायलाही गेली होती. आमची मैत्री त्या डब्यापासूनची.

तर, एका शनिवारी ग्लेनला नातीच्या वाढदिवसाला बेंडिगोला जायचं होतं. इतक्या वर्षांत एकही शनिवार चुकवला नव्हता त्यानं. कुंपणापाशी येऊन म्हणाला, तू इंजिनिअर आहेस, तू बसशील का? रेकॉर्डी लावून ठेवल्या आहेत, एक संपली की दुसरी, बस. फक्त बोलायचं नाही, माइकचं बटण वर सरकवायचं नाही. आवाज ओळखला गेला, पत्ता कळला, तर सगळं सामान जप्त होईल आणि दंड वेगळाच. मी म्हटलं, नो वरीज, मेट. किती सहज म्हटलं होतं ते.

पहिला तास उत्तम गेला. मग आईचा फोन आला.

आई नाशिकला असते. शाळेत शिक्षिका होती. रिटायर झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. माझ्या दोन्ही हातांत रेकॉर्डी, म्हणून कोपरानं फोन स्पीकरवर टाकला आणि तो ठेवायला जागा करताना टेबलावरचं काहीतरी कोपरानंच वर सरकलं. ते काय होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

"मागे कोण ठोकतंय रे?" आईनं विचारलं.

"कोणी ठोकत नाहीये. ग्लेनच्या शेडमध्ये आहे. त्याची गाणी लावतोय."

"ही गाणी आहेत?"

"हो ना. नुसतं धाड धाड धाड. डोकं उठतं. पण म्हातारा प्रेमानं लावतो, त्याला काय बोलणार?"

मग आईनं गोड्या मसाल्याचं विचारलं. तिनं तो मावसभावाबरोबर पाठवला होता आणि मी तो एअरपोर्टवरून आणून गाडीच्या डिकीतच विसरलो होतो. जानेवारी महिना, बाहेर चाळीस डिग्री, आणि मसाला तीन आठवडे डिकीत. हे मी खरं सांगून टाकलं. तेही विसरलो असतो तर बरं झालं असतं.

"अरे मठ्ठा," आई म्हणाली. "मसाला गाडीत ठेवतात? गाडीत? ऐकतोस का? अरे मठ्ठा, ऐकतोस का?"

आणि काय सांगू, ते बरोबर ठेक्यावर येत होतं हो. बेस थांबला की आई बोलायची, आई थांबली की बेस यायचा. मला गंमत वाटली. मी चक्क पायानं ताल धरला. आईनं मसाल्यावरून माझ्या दहावीच्या गणितावर, गणितावरून माझ्या वडलांवर असं सगळं घेतलं आणि मी आपला मान डोलवत ऐकत होतो.

ग्लेनचा एक जुना फोन शेडमध्ये असतो, ऐकणारे त्यावर मेसेज करतात. आईनं फोन ठेवल्यावर मी तो सहज उचलला. एरवी तीन-चार मेसेज असतात. तेव्हा चाळीसच्या वर होते आणि सगळ्यांत एकच प्रश्न, की ही बाई कोण?

मी माइककडे बघितलं. माइकवर लाल दिवा होता. वीतभर अंतरावर, माझ्या नाकासमोर. सिग्नल इंजिनिअरच्या.

ग्लेन संध्याकाळी परत आला तेव्हा मी त्याच्या दारातच उभा होतो. केतकी म्हणाली होती, सगळं खरं सांगून मोकळा हो. मी माइकचं सांगितलं, आईचं सांगितलं. ग्लेन प्रत्येक शनिवारचं रेकॉर्डिंग ठेवतो, ते त्यानं लावलं आणि डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग डोळे उघडून त्यानं विचारलं, की ती परत परत काय म्हणते? ते 'मट्टा', त्याचा अर्थ काय?

इथे मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. एवढ्या मोठ्या माणसानं विश्वासानं स्टेशन सोपवलं, आणि मी त्याला सांगू, की आई मला मंदबुद्धी म्हणत होती आणि मी तुझ्या गाण्यांना नावं ठेवत होतो? घाईघाईत डोक्यात आला तो जिलेबीबरोबरचा मठ्ठा. मी म्हटलं, म्हणजे थंड. शांत. आतून शांत झालेला माणूस. आई आशीर्वाद देत होती.

ग्लेनचे डोळे ओले झाले. हे खोटं नाही. म्हणाला, त्याच्या आईनं मरेपर्यंत या संगीताला कटकट म्हटलं, आणि इकडे कुणाची तरी आई त्यावर आशीर्वाद देते.

आता बोला. आता कुठल्या तोंडानं खरं सांगणार?

पुढच्या शनिवारी त्यानं आईचा आवाज कापून एका ठेक्यावर बसवला आणि लावला. त्याच्या पुढच्या शनिवारी दोनदा लावला. आमच्या गल्लीत पार्किंग मिळेना. लोक कुंपणावरून मला हात करून "मट्टा, मेट" म्हणायला लागले. मग ग्लेननं मला ते देवनागरीत लिहून मागितलं. स्टिकर करणार असेल असं समजून मी सुबक अक्षरात लिहून दिलं. चार दिवसांनी तो बाही वर करून कुंपणापाशी आला. डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, माझ्या अक्षरात, शाईनं कायमचं: मठ्ठा.

केतकी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली. मी तीन रात्री झोपलो नाही.

मार्चमध्ये ग्लेनचा खुब्याचा सांधा बदलला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्याला चालवायला एक फिजिओ आली, शलाका नावाची, मूळची सांगलीची. तिनं त्याचा हात धरला, हातावरचं वाचलं आणि तिला खुर्चीत बसावं लागलं. हे ग्लेननंच मला नंतर सांगितलं. शलाकानं त्याला समजावलं, की ताटात असेल तर ताक, आणि आईच्या तोंडात असेल तर बिनडोक. त्यानं तिला फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. तिनं सगळं भाषांतर करून दिलं. धाड धाडसकट.

मला मात्र तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. ग्लेन घरी आला, नेहमीसारखा बोलला आणि म्हणाला, रविवारी वॉलनच्या पुढे एका माळावर डूफ आहे, तू यायलाच हवं. डूफ म्हणजे उघड्यावरचा नाच. त्या ठेक्याच्या आवाजावरूनच इथल्या लोकांनी ते नाव पाडलंय. भर दुपारी, उन्हात, टोप्या घालून दीड-दोनशे माणसं नाचत होती. आजोबा होते, कडेवर मुलं घेतलेल्या आया होत्या. कुबड्या बाजूला ठेवून ग्लेननं आईचं गाणं लावलं. सगळे ओरडले. आणि ऐन रंगात त्यानं ते थांबवलं आणि माइक घेतला.

त्यानं सगळं सांगितलं. मसाला, डिकी, डोकं उठतं, आशीर्वाद. मग त्यानं हात उंच करून तो गोंदलेला शब्द दाखवला, त्याचा खरा अर्थ सांगितला आणि माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, हा माणूस तुमच्यासमोर उभा आहे, हा शब्द ज्याच्यासाठी होता तो.

दीड-दोनशे माणसं वळली. मला वाटलं, आता उरलं काय? मी ग्लेनपाशी गेलो, सॉरी म्हटलं. त्यानं मला मिठी मारली आणि कानात सांगितलं, की त्याच्या आईनं कटकट म्हटलं तेव्हाही ती रेडिओ बंद करत नव्हती, हे त्याला हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या आठवलं. टॅटू काढणार नाही म्हणाला. उलट आता जास्त आवडतोय.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं, नाही का? ग्लेननं बेस पुन्हा सुरू केला आणि अख्खा माळ माझ्याकडे बोटं दाखवत, उड्या मारत ओरडायला लागला, "मट्टा! मट्टा!" आणि मला ते सहन होईना. अपमान नाही हो, उच्चार. मी ग्लेनच्या हातातून माइक घेतला, ठेका थांबवायला लावला आणि म्हणालो, "नॉट मट्टा. मठ्ठा. जीभ टाळूला लावा आणि श्वास सोडा. ठ्ठा."

पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्या वेळी पुढच्या रांगेला जमलं. मागचे कच्चे होते, म्हणून त्यांना वेगळं घेतलं. पाचव्या वेळी त्या दीड-दोनशे ऑस्ट्रेलियन लोकांनी एका सुरात मला इतक्या शुद्ध मराठीत मठ्ठ ठरवलं, की अभिमानानं माझेच डोळे भरून आले.