बारीक वायर

सौंसरच्या बस स्टँडमागे शेतीपंपाच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना मी एकदाच भेटले.

आमच्या गटाची रिमोटची गाडी दोन मिनिटं धावून तापायची आणि बंद पडायची. कॉलेजची शर्यत दुसऱ्या दिवशी होती. वायरिंग माझं होतं, म्हणून गटातली मुलं आता मला त्यातून काढायला निघाली होती.

बाईंनी गाडी उलटी केली. वार्निशने पिवळी पडलेली बोटं आधी मोटरला लावली, मग वायरला.

"मोटर बरी हाय. वायर तापून राहिली. कोनती लावली?"

"घरच्या बेलची," मी हळूच म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "कास्तकारबी असंच करतेत. बारीक वायर लावतेत अन् मोटरले शिव्या देतेत."

त्यांनी जाड वायर कापली आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न माझ्यापुढे धरलं. पंप न्यायला आलेले एक काका लगेच पुढे झाले.

"द्या इकडं. पोरगी हात जाळून घेईन."

"जळू द्या, भाऊ. माहाबी जळला होता. तवा लोक म्हनत, चूल सांभाळ. चुलीवर का हात जळत नाही?"

काका परत बसले. माझा पहिला जोड बाईंनी ओढून तोडला. "पुन्हा." दुसरा सुटला नाही.

मी सहसा वाद घालत नाही. पण संध्याकाळी मुलांनी विचारलं, "कोणी दुरुस्त केली?"

"मी," म्हणाले. "आणि उद्या वायरिंगला मीच उभी राहणार."