लोनाडच्या लेण्यातली ओटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला सांगते — तुम्ही काही आमच्या विहारात येणार नाही.

रंजना माझी धाकटी जाऊ. वज्रेश्वरीकडच्या खेड्यातून लग्न होऊन भिवंडीत आली, तेव्हा तिला धड बुद्धवंदनाही येत नव्हती. मीच शिकवली. आणि मग काय झालं? विहारातल्या बायका म्हणायला लागल्या, वंदना रंजनानेच घ्यावी, काय गळा आहे! तिला मूलबाळ नाही, त्यामुळे माझी प्राचीही सदानकदा काकूच्या मागे. मी तोंडावर कौतुक करायची, पण अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. कधी झालाय तुमचा असा, आपल्याच माणसावरून?

बुद्धपौर्णिमेला आम्ही बायका टेम्पो करून लोनाडच्या लेण्यावर जातो. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, वंदना. लेणं जुनं, बौद्धांचं — पण आत शेंदूर फासलेली देवीही आहे. गावकरी तिला नवस बोलतात. आम्ही तिच्यापुढे हात जोडत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ओटी भरणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं.

त्या वर्षी वंदना आटोपली आणि सगळ्या जणी खालचं शंकराचं पडकं देऊळ बघायला उतरल्या. माझी पाण्याची बाटली वर राहिली होती, म्हणून मी परत गेले. रंजना देवीपुढे ओणवी होती. हातात नारळ, हिरवं खणाचं कापड. मला बघून दचकली.

"आपल्यात चालत न्हाय, ठाव हाय मला. पण प्राची हास्पिटलात व्हती तवा बोलले व्हते. आता फेडाया नको? कोनाला सांगू नका, वैनी."

प्राचीला डेंग्यू झाला होता. वाचेल की नाही असे दिवस होते ते. मला भरून यायला हवं होतं ना? मला राग आला. आई मी — आणि पोरीसाठी धर्म मोडायची छाती हिची?

टेम्पोत मी विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या शेजारी बसले. कानाला लागले. रंजनाने ओटी भरली, एवढंच बोलले. त्यांनी विचारलं, कशासाठी?

मी म्हटलं, "तिचं तिला ठाऊक."

बस्स. वांझ बाई ओटी कशासाठी भरते, हे कुणाला सांगावं लागतं का?

मंडळाच्या बैठकीत तिला सगळ्यांसमोर उभं केलं. मूल पाहिजे म्हणून देवीकडे गेलीस? कुणीतरी हसलंही. प्राचीचं नाव घेतलं असतं तर सुटली असती. पण मग बोट माझ्या घराकडे, माझ्या पोरीकडे वळलं असतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, चुकले." मी सतरंजीचे दोरे ओढत बसले होते.

वंदना माझ्याकडे आली. मी ती घेतली — नको म्हटलं नाही, लाजलेही नाही. खरं सांगू? त्या दिवशी मला आनंद झाला होता.

आजही मीच घेते. रंजना मागच्या रांगेत बसते. मध्येच माझा शब्द अडतो, तेव्हा ती खालच्या आवाजात पुढची ओळ धरते, कुणाला कळू न देता, मला सापडेपर्यंत. आणि तेवढ्या वेळातही मला तिचा हेवाच वाटतो.