ग्रीक राणीची कढी

ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळात दर दिवाळीला कविसंमेलन व्हायचं. शाळेचा हॉल दुपारपुरताच मिळे, म्हणून वेळापत्रक माझ्याकडे असे. एका वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, उन्हाळ्यात ग्रीक महाकाव्यांचा कोर्स केला. झालं, कवितांना विषय मिळाला: ग्रीक महाकाव्य, नव्या नजरेने.

गोष्ट थोडक्यात अशी. युद्ध संपवून राजा घरी निघतो आणि वर्षानुवर्षं समुद्रात भरकटतो. वाटेत एकडोळ्या राक्षस आडवा येतो, खाल्लं की घराचा विसर पडेल असं फळ भेटतं. इकडे राणीशी लग्न करायला टपलेले लोक वाड्यात ठाण मांडून बसतात. हातातलं विणकाम पुरं झालं की लग्न करते, असं सांगून ती दिवसा विणते आणि रात्री उसवते.

आमचा प्रत्येक कवी राजाच होता. एकडोळ्या राक्षस सगळ्यांना इमिग्रेशनच्या खिडकीत भेटला. घर विसरायला लावणारं फळ म्हणजे डॉलर, यावर तर सर्वांचं एकमत. मायदेशासाठी सगळे टाहो फोडत होते. मूळ राजाची जहाजं फुटली होती. आमच्या राजांना सॅन फ्रान्सिस्कोहून विमान होतं. आडवं येत होतं ते टाउनहाउसचं कर्ज. आणि राणी? प्रत्येक कवितेत खिडकीशी, डोळ्यांत पाणी. खऱ्या राण्या त्या वेळी हॉलच्या किचनमध्ये मसालेभात गरम करत होत्या.

बायकांच्या कविता जेवणानंतर, अशी आमची पद्धत. जेवणानंतर लोक आपापल्या डब्यांची झाकणं शोधत असत. कविता कोण ऐकणार? त्या वर्षी डॉक्टरांच्या बायकोने, माझ्या मैत्रिणीने, आयुष्यातली पहिली कविता लिहिली होती. कागदाची घडी मुठीत धरून ती किचनच्या दारात उभी होती.

"जेवणानंतर नको गं," ती म्हणाली. "त्यापेक्षा कॅन्सलच कर."

माइकवर डॉक्टरांचं "आणखी एकच, अगदी छोटी" तिसऱ्यांदा चाललं होतं. मी सरळ स्टेजवर गेले.

"डॉक्टर, आता हिची होऊ दे."

"अहो, लोकांना भूक लागलीय. भात गार होईल."

"नाही होणार. ओव्हनमध्ये आहे. आणि हिची कविता झाल्याशिवाय ओव्हन उघडणार नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, वाचा! पटकन वाचा, यार!"

ती वाचू लागली. पहिल्या ओळीला आवाज कापत होता, दुसरीला नाही. तिची राणी काही उसवत नव्हती. कापड केव्हाच पुरं करून, विकून, तिने होडी घेतली होती. राजा दमूनभागून घरी येतो तर दाराला कुलूप. किल्ली शेजारी. आत फ्रीजवर चिठ्ठी: कढी आहे, गरम करून घ्या. मी समुद्रावर आहे.

किचनमधून हशा उठला. मग हॉलमधून. डॉक्टर सगळ्यांत शेवटी हसले.

जेवणाच्या रांगेत ते बायकोच्या मागे उभे होते. "हे माझ्यावर होतं का?"

"छे! ग्रीक राजावर."

रांग जरा पुढे सरकल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पण घरी कढी आहे ना?"

"ताक आहे," ताटात भात वाढून घेत ती म्हणाली. "कढी तुम्ही करा."

पुढच्या दिवाळीला अध्यक्षांनी विषय ठेवला निसर्ग. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव मी जेवणाआधी टाइप केलं. तिने समुद्रावर लिहिलं.