सरजामावशीची धुरी आणि लुंबिनीची झोप

माझी सरजामावशी लोह्याहून लातूरला आली ती एक पत्र्याची पेटी घेऊन. त्या पेटीत तिच्या स्वतःच्या वापराची वस्तू एकच, चष्मा. बाकी सगळं माझ्या बायकोसाठी: डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशेपा, ओवा, धुऊन धुऊन मऊ झालेली तीन जुनी लुगडी. धुरी करायचं मातीचं धुपाटणं मात्र तिनं एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. कंडक्टरनं पेटीचं तिकीट मागितलं तर म्हणाली, "पेटीत बाळंतपन हाय. बाळंतपनाला तिकीट असतंय का?" कंडक्टर बिचारा पुढच्या सीटकडे सरकला.

मावशीनं आजवर एकेचाळीस बाळंतपणं केली आहेत. मूल होताना काय करायचं ते डॉक्टरांनी करावं, मावशीचं काम त्याच्या नंतरचं. बाई घरी आली की सव्वा महिना तिचं तेल, शेक, न्हाणं आणि खाणं. त्याबद्दल ती फक्त एक साडी घेते आणि तिलाही नावं ठेवते. बाळाकडे तिचं फारसं लक्ष नसतं. "लेकराकडं समदं गाव बघतंय. आईकडं कोन बघतंय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. आमच्या नात्यातल्या झाडून सगळ्या बायका तिला वचकून असतात आणि दिवस गेले की पहिला फोन तिलाच करतात.

लुंबिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, आई नाही. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न करता आमच्या लातूरच्या फ्लॅटमध्ये करायचं ठरलं आणि मावशीला बोलावणं गेलं. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. कागदावर असेल तेच खरं, अशी आमच्या खात्याची श्रद्धा. दवाखान्यातून घरी सोडताना सूचनांचा जो कागद मिळाला होता, तो मी फ्रिजवर चिकटवला होता. भरपूर पाणी, मोकळी हवा, धूर नको, पुरेशी झोप. मावशीनं चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, "झोप लिवलंय ते बराबर हाय. बाकीचं बघू."

पहिला खटका धुरीवरूनच उडाला.

"मावशी, आपण देव सोडले, अंगारे-धुपारे सोडले. मग धुरी कशाला?"

"देव सोडले बाबा छप्पन साली. धुरी सोडा असं मला कुनी सांगितलं न्हाई."

शेवटी तह झाला. खोलीत धूर करायचा नाही; करायचाच तर बाळ-बाळंतिणीचे कपडे धुरवायला, तोही बाहेर जिन्यात. मी जिंकलो असं मला वाटलं. मावशीशी भांडणात हे वाटणं हीच हरल्याची खूण असते, पण ते मला पुढे कळलं.

दुसरी भानगड पाण्याची, आणि ती सर्वस्वी माझी. जुन्या बायका बाळंतिणीला पाणी देत नाहीत असं मी ऐकून होतो. तेव्हा मावशीला विचारायचं सोडून मी पाण्याची चोरटी वाहतूक सुरू केली. कधी दुपट्यात गुंडाळून, कधी लंगोटांच्या पिशवीतून बाटल्या आत जाऊ लागल्या. लुंबिनीला कुणाचं मन मोडवत नाही. ती निमूटपणे पीत राहिली. मला काय ठाऊक, मावशी तासातासाला तिला शेपा घालून उकळलेलं पाणी तांब्या तांब्यानं पाजत होती. बिचारी दिवसभर मोरीच्या वाऱ्या करू लागली. मावशी चिंतेत पडली, ओवा वाढवला, शेक वाढवला. चौथ्या दिवशी गादी झटकताना खालून सहा बाटल्या निघाल्या. तिनं त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि मला हाक मारली.

"आनंदा, हितं बोर पाडायलास का?"

हसण्यावारी गेलं सगळं. पण दहाव्या दिवशी तपासणीला गेलो तेव्हा हसू आटलं. लुंबिनीचे डोळे खोल गेले होते आणि बीपी वाढलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी देते. पण हिची झोपच होत नाहीये. रात्री बाळ उठवणार, तेव्हा दुपारी तरी सलग दोन तास झोप हवी. आठवड्यानं बीपी असंच राहिलं तर ॲडमिट करून घ्यावं लागेल." लुंबिनी ऑटोमध्ये बाळाला छातीशी धरून रडली. मी खूप घाबरलो होतो. सरकारी नोकर असून मला त्या दिवशी काय करावं हे कोणत्याच कागदावर सापडेना.

दुपारी झोप न लागण्याचं कारण आमच्या डोक्यावरच होतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मृत्युंजय सरांचा 'नीट' परीक्षेच्या जीवशास्त्राचा क्लास चालायचा. साठ पोरं, तीस बाकडी आणि एक माईक. दुपारी दोनला सुरू झाला की बेडकाच्या पचनसंस्थेपासून माणसाच्या मेंदूपर्यंत सगळं आमच्या छतातून झिरपायचं. लुंबिनीला दहा दिवसांत अर्धं पुस्तक पाठ झालं होतं. मी वर जाऊन हात जोडले. सर सज्जन माणूस. म्हणाले, "तुमची अडचण कळते हो. पण सिलॅबस राहिलाय." लातुरात या वाक्यापुढे बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीनं तहाप्रमाणे जिन्यात धुपाटणं मांडलं. निखाऱ्यावर ओवा, लसणाची टरफलं आणि कडुनिंबाचा ओलसर पाला टाकून त्यावर दुपटी धरली. धूर निघाला. जिन्यातून धूर कुठे जाणार? वर गेला. पाच मिनिटांत साठ भावी डॉक्टर खोकत, डोळे पुसत जिना उतरू लागले. मावशी एकेकाला वाट देत होती. "दमानं उतरा रं. पडचाल." शेवटी सर आले, गळ्यातला माईक चालूच असल्यामुळे त्यांचा खोकला साऱ्या गल्लीनं ऐकला. मग सगळे समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन उभे राहिले.

वर शुकशुकाट झाला. मी सुट्टी टाकून घरी होतो, आता भांडण मिटवायला खाली जावं म्हणून उठलो, तर मावशीनं दारातून खूण केली. लुंबिनी झोपली होती. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबकळत, दहा दिवसांत पहिल्यांदा गाढ. अडीच तास झोपली. मावशी कधी तिच्याकडे, कधी धुपाटण्याकडे आणि कधी वर छताकडे बघत होती. म्हातारीच्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळलं, आणि खरं सांगतो, मीच तिला अजून पाला आणून दिला.

त्यानंतर तीन दिवस, बरोबर दोनला, आमच्याकडचे कपडे धुरवायला लागायचे. चौथ्या दिवशी मृत्युंजय सर नाकाला रुमाल लावून दारात आले.

"मावशी, हा धूर रोज दोनलाच का?"

"तुमचा भोंगा दोनलाच सुरू होतंय म्हनून."

"अहो, मी पोरांना शिकवतो."

"काय शिकवताव?"

"जीवशास्त्र. सध्या मानवी प्रजनन चालू आहे."

मावशीनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा. मंग सांगा, बाळंत झाल्यावर बाईचं अंग जाग्यावर याया किती दिवस लागतंय?"

सरांनी पाठ असल्यासारखं उत्तर दिलं. "साधारण सहा आठवडे."

"त्या सहा आठवड्यात तिला काय काय पाहिजे?"

सरांनी वर छताकडे बघितलं, जणू फळ्यावर लिहिलेलं असेल. "ते... अभ्यासक्रमात नाही."

"मंग तुमी धडा अर्धाच शिकवायलाव, लेकरा. पोरगं भायेर आलं की धडा खतम. बाई कुठं गेली?"

मावशीनं त्यांच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. तो खाऊन होईपर्यंत करार ठरला. दोन ते चार माईक बंद, त्या वेळात पोरांनी मुकाट्यानं सराव पेपर सोडवायचे. मावशीनं धुपाटणं पेटीत घालायचं. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी खडूनं लिहिलेली पाटी लागली: 'दोन ते चार शांतता. बाळंतीण झोपली आहे. चपला हातात घ्याव्यात.' आणि साठ पोरं खरोखर चपला हातात घेऊन, चवड्यांवर, आमच्या दारावरून वर जाऊ लागली.

आठवड्यानं बीपी उतरलं. डॉक्टरीणबाईंनी ॲडमिटचं नाव काढलं नाही. मला इतका आनंद झाला की मी फ्रिजवरच्या कागदावर 'पुरेशी झोप'च्या खाली लाल रेघ मारली.

मावशी लोह्याला परत जायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ. मावशी रोजच्यासारखी उंबऱ्यावर काठी घेऊन बसली होती, कुणी बघायला आलं तर तिथूनच परतवायला. मी सहज विचारलं, "मावशी, तुझं बाळंतपण कुणी केलं?"

"माझं कोन करनार? सासू मेलेली, माय लांब. तेराव्या दिशी खुरपायला गेले." ती हसत सांगत होती. "दुपारच्याला बांधाला जरा डोळा लागला, तर मुकादमानं ढेकूळ फेकून हानलं. तवापून दुपारची झोपच येत न्हाई बघ मला. बरंच हाय. राखन करता येतंय."

लुंबिनी जागी होती हे आम्हांला माहीत नव्हतं. ती उठली. खाटेवर मऊ लुगडं नीट पसरलं आणि दाराशी येऊन म्हणाली, "मावशी, उठा. तिथं पडा."

"मी काय बाळंतीन हाय का?"

"हाव. उशीर झालाय, एवढंच."

मावशी खूप कुरकुरली. लुंबिनीनं तिच्या हातातली काठी काढून घेतली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. मावशी पडल्या पडल्या सूचना देत राहिली, दूध बघ, दार वढून घे, लेकराच्या टोपड्याची नाडी... आणि नाडीवरच तिचा आवाज थांबला.

अर्ध्या तासानं बाळ उठलं आणि रडायला लागलं. मी त्याला उचलून चपला न घालताच गच्चीवर पळालो, कारण जायला दुसरी जागा नव्हती. साठ पोरांनी पेपरातून माना वर केल्या. मृत्युंजय सरांनी बाळाला घाबरत घाबरत दोन्ही हातांवर घेतलं आणि चारपर्यंत बाकड्यांमधून फिरवलं. पोरांच्या उत्तरांचं त्या दिवशी काय झालं ते मी विचारलं नाही.

मावशी उठली तेव्हा वरचा माईक खरखरत सुरू झाला होता. तिला आधी काही उमजेना.

"किती वाजले?"

"चार."

"चार?" तिनं पुन्हा विचारलं. "लेकरू रडलं न्हाई?"

"न्हाई," लुंबिनी म्हणाली.

"मला कुनी उठिवलं न्हाई?"

"कुनीच न्हाई."

मावशी बराच वेळ खाटेवर बसून चष्मा पुसत राहिली. मग लुगड्याची घडी घालता घालता, आमच्याकडे न बघता म्हणाली, "उद्याबी दोनलाच नव्हं?"