पंधरावं गिऱ्हाईक

दुपारचे साडेतीन झालेत आणि मी जीपमध्ये बसून पेंगतेय. गिऱ्हाईक पाचला येणार आहे. वर घरी जाऊन पडले असते, पण पुन्हा दोन जिने उतरायचे म्हटलं की गुडघे आधीच नाही म्हणतात. पार्किंगमध्ये सावली आहे, ड्रायव्हरची सीट बरी आहे, मांडीवर वही आहे. मान पुढे पडते, मी दचकून सरळ बसते, पुन्हा पडते.

तीन महिने मी ही गाडी विकतेय. आमचे हे, हिंदुराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी ती घेतली. गोल दिवे, बाहेरून दिसणारी बिजागरं, पाठीवर टांगलेली स्टेपनी, शेवाळी रंग. सगळं आमच्या धरणावरच्या जुन्या सरकारी जीपसारखं. नवी गाडी जुनी दिसावी म्हणून कंपनीनं किती कष्ट घेतले होते. आम्ही दोघं तोवर फुकटातच जुने दिसायला लागलो होतो. डोंगर चढायला केलेली ही गाडी सात वर्षांत बँक, दातांचा डॉक्टर, मंडई आणि तीन लग्नं एवढंच फिरली. दर रविवारी ती धुतली मात्र जायची, कानामागं चोळून.

हे माघात गेले. सुतकात कुणी किल्लीला हात लावला नाही, तेवढ्यात बॅटरी उतरली. ती नवी बसवली. पण गिअरच्या शेजारचा छोटा दांडा, पुढच्या चाकांनाही जोर देणारा, तो जागचा हलेना. मेकॅनिक म्हणाला, "काकी, कधी वापरलाच नाही, म्हणून धरलाय. खालून सगळं उघडावं लागेल." मी म्हटलं, राहू दे.

येणाऱ्या माणसाला मी हे आधीच सांगते. मग तो जातो. गेला की मी वहीत लिहिते. पहिल्यानं टायरला लाथ मारली. लाथ मारणारे घेत नाहीत, हे मला पुढच्या तिघांवरून कळलं. पाचव्यानं बायकोला बॉनेटवर टेकायला लावून फोटो काढले आणि चहा पिऊन गेला. नववा मेव्हण्याला घेऊन आला. मेव्हण्याला गाड्यांतलं सगळं कळत होतं, त्यामुळे नवव्याला काही ठरवता आलं नाही. बाराव्यानं विचारलं, "मालक कशानं गेले?" जणू तो रोग इंजिनातही असेल. चौदा झाले. आज येणारी कुणी केतकी बाबर आहे, जनावरांची डॉक्टर. फोनवर तिनं किंमत विचारली नाही. "चिखलात चालते का?" एवढंच विचारलं. दांडा अडकलाय म्हणून सांगितलं, तरी येते म्हणाली.

वहीत मी पंधराचा आकडा घालून ठेवते. पेन्सिल बोटांतून सुटते. ती खाली पडल्याचा आवाज येत नाही.

बॉनेटशी कुणीतरी उभं आहे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. तो माणूस टायरला लाथ मारत नाही. वाकून खाली बघतो, उठतो, हात झटकतो. उठताना 'आई गं' म्हणतो ते मी चाळीस वर्षं ऐकलंय.

"बाई, गाडी विकायची आहे ना?"

"तुम्ही गेलात ना?" मी म्हणते.

"गेलो म्हणून गाडी बघू नये काय?"

मला नवल वाटत नाही. दमल्या माणसाला नवल करायचाही कंटाळा येतो. मी वहीत पंधराच्या पुढं लिहिते, 'उंच. ओळखीचा.'

"किती चाललीय?"

"नऊ हजार चारशे."

"एवढीच?"

"मालक फार जपायचे."

ते हसतात. हसताना खोकला येत नाही, हे मी मनात टिपून ठेवते.

"काही दोष?"

"छोटा दांडा हलत नाही."

"हे सगळ्यांना सांगतेस?"

"नमस्कार झाला की लगेच."

"मग तू विकत नाहीस, विजू. गिऱ्हाइकं हाकलतेस." ते डावीकडचं दार उघडून आत बसतात. दार आपटत नाहीत. "ट्रायल दे."

"चालवणार कोण?"

"तू बसलीयस की तिकडं."

"सदतीस वर्षांत हात लावला नाही मी."

"लायसन?"

"आहे. मुदत संपली की वाढवून घेते."

"कशाला?"

"फोटो चांगला आलाय."

किल्ली कुणी फिरवली ते कळत नाही, पण पार्किंगचे खांब मागं सरकतायत. पाचव्या खांबाला साल आहे. सहावा निलगिरीचं झाड आहे. आम्ही धरणाच्या वसाहतीत आहोत, सात नंबरच्या क्वार्टरपुढं. दारावर मात्र आत्ताच्या फ्लॅटची पाटी आहे आणि आत कुकरच्या शिट्ट्या होतायत. किती झाल्या ते मी मोजत बसते आणि वळण चुकतं. रस्ता गुळगुळीत होतो, पांढऱ्या फरशीचा. दोन्ही बाजूंना हिरवे पडदे. कडेला मैलाच्या दगडांऐवजी सलाइनचे स्टँड उभे आहेत. एक नर्स पडदा बाजूला धरते आणि मी जीप अलगद तिच्या शेजारून काढते.

"इथं मी किती दिवस होतो?" हे विचारतात.

"अकरा."

"तू घरी गेली नाहीस?"

"दोनदा. अंघोळीला."

"दमलीस."

"हो."

"मीही," ते म्हणतात. स्टँड संपतात.

समोर धरणाचं पोट उघडं पडलंय. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की तळाची जमीन वर यायची, भेगाळलेली, मैलभर सपाट. इथंच ह्यांनी मला जीप शिकवली. मी पंचवीस वर्षांची होते. लुगड्याचा ओचा खोचून मी ती जीप अशी पळवायचे की मागं धुळीची भिंत उभी राहायची. एके दिवशी कार्यकारी अभियंता देशमानेसाहेब पाहणीला आले. ह्यांना मला मिरवायचं होतं. म्हणाले, पाण्याजवळच्या ओल्या गाळातून काढून दाखव.

त्या जुन्या जीपला नुसता दांडा ओढून भागायचं नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरचे खटके हातानं फिरवावे लागत. खटके लागले नाहीत तर दांडा ओढला काय आणि नाही काय, पुढची चाकं नुसती सोबतीला. हे म्हणाले, "खटके मी लावलेत. तू घाल."

मी घातली. जीप पोटापर्यंत रुतली. ट्रॅक्टर येईपर्यंत साहेब रुमालानं बूट पुसत होते. म्हणाले, "घोरपडे, सरकारी गाडी बाईमाणसाच्या हातात देता?" आणि हे साहेबांबरोबर हसले. मग ती गोष्टच झाली. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. आमच्या हिनं धरणात जीप पेरली होती, म्हणायचे. लोक हसायचे, मी चहा आणून द्यायचे. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

आत्ता आम्ही त्याच गाळात आहोत. चाकं जागच्या जागी फिरतायत. इंजिनाचा आवाज कुकरसारखा येतोय. हे डावीकडून वाकून पुढच्या चाकाकडं बघतात आणि बराच वेळ बघतच राहतात.

"विजू, त्या दिवशी मी खटके लावलेच नव्हते. साहेबांशी बोलण्याच्या नादात राहिले."

"माहीत आहे."

ते वळून बघतात.

"गाळात उतरले तेव्हा हात लावून बघितला. मोकळे होते दोन्ही. मीच फिरवून ठेवले, ट्रॅक्टर यायच्या आत. तोवर जीप बसली होती, उपयोग नव्हता. पण ट्रॅक्टरवाल्यानं बघितलं असतं तर साहेबांच्या कानावर गेलं असतं."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुमची बढती व्हायची होती."

"आणि झाल्यावर?"

"तोवर तुमची गोष्ट रंगायला लागली होती."

"सदतीस वर्षं?"

"तुम्ही कधीतरी थांबाल असं वाटत होतं."

ते शर्टाच्या खिशातलं एक पेन काढतात, टोपण काढतात, परत लावतात. बैठकीत अडचणीचा प्रश्न आला की असंच करायचे, असं त्यांचे शिपाई सांगायचे.

"ही गाडी त्यासाठीच घेतली होती," ते म्हणतात. "तुला इथं आणायचं, तुझ्या हातात द्यायची आणि सांगून टाकायचं. दर वर्षी म्हणायचो, एवढा पावसाळा जाऊ दे."

"मग?"

"मग धुऊन ठेवायचो."

सात वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांपुढून जातात. बादली, फडकं, वाकलेली पाठ. मी वरून खिडकीतून म्हणायचे, पुरे आता, रंग जाईल. ते म्हणायचे, झालंच. मला वाटायचं, गाडीचं वेड आहे. माणसं ओळखण्यात मी स्वतःला हुशार समजते, आणि घरातलंच माणूस वाचायचं राहून गेलं.

"हिला खटके लावायला उतरावं लागत नाही," ते म्हणतात. "नुसता दांडा. ओढ."

"तो हलत नाही. मेकॅनिकलाही हलला नाही."

"मेकॅनिकला कुठं जायचं होतं?"

मी दांड्यावर हात ठेवते. त्यावर त्यांचा हात येतो. गार आहे, माठावरच्या पेल्यासारखा. आम्ही ओढतो. आता ह्यांचा खोकला सुरू होईल असं मला वाटतं, मी थांबते. ते म्हणतात, "थांबू नकोस." बोट मोडल्यासारखा आवाज येतो.

"शेवटचं काय द्यायचं ते सांग," ते दार उघडत म्हणतात. एक पाय गाळात टाकतात. तो रुतत नाही.

"तुम्हाला नाही द्यायची."

"बरं," म्हणतात, आणि दार हळूच लावून घेतात.

बॉनेटवर टकटक होतेय.

"काकी? घोरपडे काकीच ना?"

तिशीची मुलगी. उन्हानं रापलेली, खांद्याला पिशवी, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. म्हणजे पाच वाजले. माझं तोंड कोरडं पडलंय आणि मानेत कळ आहे. पेन्सिल क्लचच्या पेडलखाली पडलीय. वहीत पंधराचा आकडा आहे, पुढं काही लिहिलेलं नाही.

उजव्या हाताला पेन्सिल सापडते. डावा हात दांड्यावर आहे.

दांडा सरकलाय, चार चाकांच्या खुणेवर आहे. सात वर्षं तो जिथं उभा होता तिथल्या रबराच्या घडीत बोटभर काळी कोरी पट्टी उघडी पडलीय, कारखान्यातून आल्यासारखी. बाकीच्या रबरावर धूळ. मी पट्टीवरून बोट फिरवते. बोटाला काही लागत नाही.

"तुम्ही म्हणाला होता दांडा अडकलाय," केतकी आत डोकावून म्हणते.

"होता," मी म्हणते.

"ट्रायल घेऊ?"

गाडीत आता दोष उरलेला नाही. तिला सांगायला माझ्याकडं काही नाही. ही घेईल, हे मला तिच्या बुटांवरून दिसतंय, आणि घेतली तर हिच्याकडं ती चांगली चालेल. एवढ्या खात्रीनं बरं वाटायला हवं, पण मला उलट थकवाच येतो. मी वही मिटून सीटच्या कप्प्यात घालते आणि सीट दोन घरं पुढं ओढून घेते.

"बसा," मी म्हणते. "तिकडून."

"तुम्ही चालवणार?"

"आधी मी. मग तुम्ही. चारही चाकं जोडलेली असताना सिमेंटवर वळवायची नसते, तुम्हाला माहीत असेल. जवळपास ओली माती कुठं आहे?"

ती विचार करते. "कॅनॉलखाली पाझर आहे. पण काकी, तिथं रुतेल. मागच्या आठवड्यात माझी दुचाकी रुतली."

"रुतू दे," मी किल्ली फिरवते. "मला बाहेर काढता येते का, ते अजून कुणी बघितलेलं नाही."