चौथी की पाचवी

डभोईहून बडोद्याला बदली झाली तेव्हा थोरली मुलगी चौथी पास झाली होती, धाकटी तिसरी. दोघी गुजराती शाळेत शिकलेल्या. कारेलीबागेत घर मिळालं. गॅस, दूध, रिक्षावाला, सगळं मी आठवड्यात लावून टाकलं. अडलं ते इंग्रजी माध्यमाच्या शाळेपाशी. धाकटीला चौथीत घ्यायला मुख्याध्यापिका तयार होत्या, पण थोरलीचा चाचणीचा पेपर अर्धा कोरा होता.

"बेन, हिला पण चौथीच करू द्या," त्या म्हणाल्या. "एक वरसमां शुं बगडी जवानुं?"

बिघडणार होतं ते हे, की थोरलीला धाकटीच्या वर्गात बसावं लागणार होतं. मी विचार करायला आठवडा मागितला. तोवर तिला पाचवीत बसू द्यायला त्या कबूल झाल्या.

घरी सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आपल्या घरातले लोक संस्थानच्या कचेरीत लागले, ते काय एका इयत्तेत दोनदा बसून?"

"ताई, वर्गात मी तुला नुसती नावानं हाक मारणार हं," धाकटी म्हणाली.

मी सवयीनं फायदे-तोटे मांडले. शिकवणी लावायची, इंग्रजी पक्कं करून घ्यायचं, आणि पाचवीतच ठेवायचं, असं माझं जवळजवळ ठरलं.

एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते आणि थोरली शेजारी बसून गणित करत होती. उदाहरण बागेतल्या रोपांचं होतं. आधी तिनं ते इंग्रजीत अडखळत वाचलं. मग स्वतःशीच गुजरातीत म्हणाली, "आठ हार. दरेक हारमां सत्तावीस छोड." क्षणभर थांबली आणि आजोबांनी पाठ करून घेतलेल्या चालीत सुरू झाली, "आठ सत्ते छप्पन्न, सहा मांडले, हातचे पाच. आठ दुणे सोळा नि पाच एकवीस. दोनशे सोळा." आता पुन्हा उलटा प्रवास. ओठ हलले, बोटं वहीवर थबकली, आणि शेवटी इंग्रजीतला आकडा उमटला.

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. वाचायचं एका भाषेत, समजून घ्यायचं दुसरीत, मोजायचं तिसरीत, आणि उत्तर घेऊन परत पहिलीत यायचं. अर्ध्या कोऱ्या पेपरात तिनं एवढी ये-जा केली होती, आणि मी तिला कच्ची समजत होते. माझा एका भाषेतला हिशेबही मध्ये कोणी बोललं की चुकतो.

"तुला पाचवीतच ठेवू या," मी म्हटलं. "तुला सगळं येतंय."

"येतंय गं. पण माझं उत्तर येईपर्यंत बाईंनी फळा पुसलेला असतो." तिनं मान वर केली नाही. "मला चौथी दे, आई. एकदा तरी मला सगळ्यांच्या आधी हात वर करायचाय."

"आणि धाकटी चिडवेल ते?"

"ती घरी पण चिडवते."

सासऱ्यांना कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात ती स्वतःच उठून त्यांच्या खोलीत गेली. "आजोबा, मी चौथी परत करणार आहे. नापास झाले म्हणून नाही. मला इंग्रजीतले पाढे पाठ करायला वेळ हवाय."

आतून वर्तमानपत्र मिटल्याची सळसळ ऐकू आली. मग सासऱ्यांचा आवाज आला, "बरं. कितीपर्यंत करायचेत?"