डिंगोऱ्याचा घोडेस्वार आणि त्याचा लगाम धरणारा

यंदा दसऱ्याला डिंगोऱ्याला जायचं ठरलं ते एका फोटोमुळे. माझा थोरला चुलतभाऊ अण्णा याने आमच्या पूर्वजाच्या, सुभानजीच्या, समाधीचा जीर्णोद्धार करून फोटो ग्रुपवर टाकला. दगडातल्या घोड्याला सोनेरी ऑइलपेंट, स्वाराच्या मिशा काळ्या कुळकुळीत आणि भोवती बाथरूमच्या फरश्या. माझं डोकं तिथेच फिरलं.

सुभानजी मराठी फौजेतला शिलेदार. घोडे स्वतःचे, हाताखाली पथक. लढाईत तो जबर जखमी झाला, तेव्हा त्याचा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा धोंडनाक, याने त्याला घोड्यावर बांधलं आणि लगाम धरून पायी गावापर्यंत आणलं. सुभानजी गेला तो घरच्यांच्या मांडीवर. म्हणून समाधीच्या दगडावर वर स्वार आणि खाली लगाम धरलेला धोंडनाक. दसऱ्याला पहिला नारळ धोंडनाकाच्या घरचा माणूस फोडणार, मगच आमची शस्त्रपूजा, अशी रीत. ते घर पुढे बौद्ध झालं, तरी ती मोडली नाही.

शिवाजीनगरहून नाशिकची एसटी धरली. चाकणच्या ट्रॅफिकने जीव खाल्ला. पेठला चहा बरा मिळाला. डिंगोऱ्याला जायचं तर थेट आळेफाट्याला उतरा, तिथून ओतूरकडच्या जीपा मिळतात. मी मासवडीच्या मोहाने नारायणगावला उतरले. रस्सा झणझणीत होता, पण पुढे टोमॅटोच्या पिकअपच्या रांगेत अडकले. जीपवाला गच्च भरलेल्या जीपमध्ये वर म्हणतो, "पावणं, जरा सरका की, अजून दोघं बसत्यात." बसलेही.

संध्याकाळी समाधीपाशी पोचले आणि पाहतच राहिले. दगडाचा खालचा अर्धा भाग काँक्रीटच्या चौथऱ्यात गाडलेला. लगाम घोड्याच्या तोंडातून निघून सरळ सिमेंटमध्ये शिरत होता.

"अण्णा, धोंडनाक कुठंय?"

"अगं, दगुड कलला व्हता. पाया नको का? घोडा दिसतोय की झ्याक."

मुद्दाम केलं नाही, शपथेवर सांगत होता, आणि मला त्याचीच जास्त चीड आली. मिस्त्री, चुलते, पुतणे, सगळे काँक्रीट ओतताना तिथे उभे होते. खाली एक माणूस आहे हे एकाच्याही लक्षात येऊ नये? मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोडा. अण्णा म्हणाला, उद्या सण आहे, तमाशा करू नकोस. रात्रभर आमची भांडणं चालली आणि वहिनी दोघांना पाणी देत राहिली.

सकाळी सुनीलभाऊ आला. हा धोंडनाकाच्या घरचा, ओतूरला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. अण्णाने नारळ पुढे केला. सुनीलभाऊने हात मागेच ठेवले.

"आमी पूजा करत न्हाई, अण्णा. आमच्या माणसाला भेटायला येतो. त्यालाच गाडलाय तुमी. आता कुणाला भेटू?"

पुढच्या वर्षी बघू, असं अण्णा पुटपुटला. सुनीलभाऊ चपला घालून चालू लागला आणि अण्णाने तो नारळ स्वतःच फोडला. मला संताप आवरेना. पुरणपोळीच्या पंगतीला न बसता मी पिशवी उचलली आणि ओतूरकडची पहिली जीप धरली.

पुण्यात येऊन अण्णाला फोन केला. धोंडनाक बाहेर निघेपर्यंत मी गावात पाय ठेवणार नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, "नको येऊ मग. तू लग्न करून गेलेली, तुला काय करायचंय?"

अजून काँक्रीट तसंच आहे. माझा रागही तसाच आहे आणि तो शांत व्हावा असं मला वाटतही नाही. वडिलांनी काढलेला त्या दगडाचा जुना, अख्खा फोटो मी मोठा करून हॉलमध्ये लावलाय. येणारे जाणारे विचारतात, यातला तुमचा पूर्वज कोणता? घोड्यावरचा, पण नाव मी आधी धोंडनाकाचं सांगते.